साक्षी आणि पहारेकरी

मराठी वृत्तपत्रांनी सीसीटीव्ही कॅमेऱ्याला ‘तिसरा डोळा’ हे नाव दिले त्याला आता बराच काळ लोटला आहे. शहरावर, चौकावर, शाळेवर तिसऱ्या डोळ्याची नजर, ही मथळ्याची धाटणी इतकी रुळली आहे की तिच्यातील रूपक कोणाला जाणवतही नाही. मूळ कथेतला तिसरा डोळा मात्र एरवी मिटलेला असतो. तो उघडणे ही एक घटना असते, तिला परिणाम असतो, आणि त्या परिणामाचे उत्तरदायित्व ज्याने डोळा उघडला त्याच्याकडे राहते. मदनदहनानंतर रतीचा विलाप शिवाला ऐकावाच लागतो. कॅमेऱ्याच्या डोळ्याला पापणी नाही आणि त्याला कोणाचाही विलाप ऐकू येत नाही. तरीही हे नाव त्याला चिकटले, कारण पहाऱ्याच्या एका उपकरणाला सर्वसाक्षी दैवताची प्रतिष्ठा देण्याचे काम ते बिनबोभाट करते. देवळातल्या दानपेटीवर रोखलेला कॅमेरा या स्थलांतराची पूर्तता दाखवतो. तेथे सर्वसाक्षी असलेल्या देवाच्या नजरेवर विसंबणे देवस्थानालाही पुरेसे वाटत नाही.

प्रश्न केवळ एका रूपकाचा असता तर तो भाषेच्या सदरात सोडून देता आला असता. परंतु पाळतीच्या तंत्रज्ञानाविषयी आणि खाजगीपणाविषयी जे नैतिक युक्तिवाद आज केले जातात, त्यांच्या मुळाशी हाच घोटाळा आहे असे दिसते. पाहणे आणि साक्षी असणे या एकच गोष्टी मानल्या जातात. मग जो पाहण्याला हरकत घेतो तो साक्षीला भितो, आणि जो साक्षीला भितो तो अपराधी, अशी तर्काची साखळी आपोआप तयार होते.

‘साक्षी’ हा शब्द मराठी अभ्यासकाच्या परिचयाच्या तीन प्रदेशांत वावरतो. एक प्रदेश तत्त्वज्ञानाचा. मुंडकोपनिषदातील एकाच वृक्षावरच्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा केवळ पाहतो. सांख्यांचा पुरुष आणि वेदान्त्यांचे साक्षिचैतन्य याच दुसऱ्या पक्ष्याच्या कुळातील. या साक्षीचे लक्षण अलिप्तता हे आहे. पाहिलेल्यातून त्याला काही मिळवायचे नसते. दुसरा प्रदेश न्यायाचा. तेथील साक्षीदार अलिप्त असेलच असे नाही, पण तो बांधलेला असतो. त्याने शपथ घेतलेली असते, त्याला नावगाव असते, त्याची उलटतपासणी होते आणि खोटे बोलल्यास त्याला शिक्षा होऊ शकते. तिसरा प्रदेश कथनमीमांसेचा, जेथे सर्वसाक्षी निवेदक ही संज्ञा समीक्षेने रूढ केली आहे. पहारेकरी या तिघांहून निराळा आहे. त्याच्या पाहण्याला हेतू असतो, म्हणून तो अलिप्त नाही. आणि जे पाहिले त्याविषयी त्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून तो बांधलेलाही नाही. कॅमेऱ्याची, फोनच्या नोंदींची, बोटांच्या ठशांच्या संचिताची नजर ही या अर्थाने पहारेकऱ्याची नजर आहे. तिला साक्ष म्हणणे हा वदतोव्याघात आहे.

हा भेद कोणा समीक्षकाची कल्पना नाही. न्यायव्यवहाराने तो पाळलेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये झालेल्या संहाराची दृश्ये स्थानकातील कॅमेऱ्यांनी टिपली होती. परंतु लोकांच्या स्मरणात राहिलेली हल्लेखोराची प्रतिमा यंत्राने टिपलेली नाही. सेबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर हे दोन वृत्तछायाचित्रकार जवळच्या वृत्तपत्र कचेरीतून स्थानकाकडे गेले, त्यांनी जीव धोक्यात घालून छायाचित्रे घेतली, आणि पुढे विशेष न्यायालयात उभे राहून ती आपणच घेतली असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात त्यांच्या धैर्याची गौरवाने नोंद केली. छायाचित्र आणि चित्रफीत या दोन्ही वस्तू पुरावा म्हणून पुढे आल्या. पण एकीच्या मागे ‘तेथे आपण होतो’ असे म्हणणारा माणूस होता, आणि त्या माणसाला वकील वाटेल ते विचारू शकत होता.

याहून कोरडे, आणि म्हणूनच अधिक बोलके, उदाहरण जालन्याच्या निवडणूक खटल्याचे आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज ठरल्या वेळेत दाखल झाला की नाही, हा तेथे वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रमुद्रण हा पुरावा होता. घड्याळासमोर लावलेल्या कॅमेऱ्याहून अधिक निर्विकार साक्षीदार कोणता असू शकेल? तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे ठरवले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात यावयाची तर त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचा दाखला सोबत हवा. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याचा मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर मात्र दाखला लागत नाही. तांत्रिक वाटणाऱ्या या नियमात एक तत्त्व दडलेले आहे. यंत्र पाहते, परंतु ते साक्ष देत नाही. कोणीतरी माणूस त्या पाहण्याला आपले नाव जोडतो तेव्हाच पाहण्याची साक्ष होते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, ही दाखल्याची अट कायम ठेवली आहे.

सर्वसाक्षी निवेदकाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. कादंबरीचा निवेदक बंद दाराआडचे पाहतो, मनातले ऐकतो, पात्राला स्वतःलाही न उमगलेला हेतू वाचकापुढे मांडतो. मग तोही पहारेकरीच नव्हे काय? मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये बेंथॅमच्या वर्तुळाकार कारागृहाच्या आराखड्यातून आधुनिक सत्तेचे जे चित्र उभे केले, त्याच्या आधारे डी. ए. मिलर यांनी ‘द नॉव्हेल अँड द पोलीस’ या १९८८ च्या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील कादंबरी आणि पोलिसी नजर यांचे साटेलोटे दाखवण्याचा प्रयत्न केला. डॉरिट कोन यांनी १९९५ मध्ये त्याला घेतलेली हरकत मूलभूत स्वरूपाची होती. निवेदक आणि पात्र हे एकाच पातळीवर वावरत नाहीत. पात्राला पाहणारा निवेदक पात्राच्या जगाचा रहिवासी नसतो, आणि म्हणून कारागृहाचे रूपक तेथे लावणे हा कोटीप्रमाद आहे. ही हरकत मान्य करावी लागते. तिच्यात एका गोष्टीची भर घालणेही आवश्यक आहे. निवेदकाला जे कळते ते तो स्वतःजवळ ठेवत नाही, सगळे वाचकाच्या हवाली करतो. आणि वाचक त्या ज्ञानाच्या बळावर पात्राचे काहीही वाकडे करू शकत नाही, ना पगार कापू शकत, ना वॉरंट काढू शकत. पाळतीचा व्यवहार नेमका याच्या उलट आहे. तेथे ज्ञान साठवले जाते ते वापरण्यासाठी, आणि ज्याच्याविषयीचे ज्ञान आहे त्यालाच ते वाचता येत नाही.

आता ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भिण्याचे कारण काय’ या सुप्रसिद्ध प्रश्नाकडे वळता येईल. चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत तो ऐकू येतो. त्याचे एक न्यायालयीन रूप मुंबईतच घडले. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरविरुद्धच्या लाचखोरीच्या खटल्यात, दुसऱ्या पक्षाच्या संमतीने पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलेले दूरध्वनीवरील संभाषण पुराव्यात यावे की नाही, हा प्रश्न १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाच्या मांडणीचा आशय असा, की निरपराध नागरिकाच्या संभाषणाला बेकायदा हस्तक्षेपापासून संरक्षण मिळेल. अपराध्याने कायद्याच्या हातून सुटण्यासाठी ते मागू नये. त्या खटल्याच्या तथ्यांपुरता निकाल योग्य असेलही. परंतु त्यातील तर्काला एक विचित्र वळसा आहे. कोण निरपराध हे ठरवण्यासाठी आधी संभाषण ऐकावे लागते. म्हणजे निरपराध्याला मिळणारे संरक्षण त्याच्या संरक्षणाचा भंग झाल्यानंतरच त्याच्या हाती पडते. घराची झडती घेऊन काही सापडले नाही म्हणून ‘तुमचे घर पवित्र आहे’ असे सांगून निघून जाण्यासारखेच हे झाले.

लपवण्याच्या प्रश्नाला एक जुने उत्तर शीलवीमंसन जातकात आहे. वाराणसीचा एक आचार्य आपल्या पाचशे शिष्यांना सांगतो की मुलीच्या विवाहासाठी वस्त्रे-अलंकार हवेत. ते आपापल्या आप्तांच्या घरून आणा, मात्र कोणी पाहता कामा नये. सगळे आणतात. एकच शिष्य रित्या हाताने परततो, कारण कोणी पाहत नाही अशी जागा त्याला सापडत नाही. जेथे दुसरे कोणी नाही तेथे तो स्वतः असतो. ही कथा वरवर पाहता कॅमेऱ्याच्या पुरस्कर्त्यांना सोयीची आहे. ‘कोणीतरी पाहत आहे’ हेच तर त्यांचेही सांगणे. पण आचार्याच्या परीक्षेचा सारा अर्थ ती परीक्षा कोणाच्याही नजरेबाहेर झाली यावर अवलंबून आहे. आचार्याने प्रत्येक शिष्यामागे एक हेर लावला असता तर चारशे नव्व्याण्णव शिष्यही हात हालवत परतले असते आणि त्यांच्या शीलाविषयी आचार्याला काहीच कळले नसते. शिष्यांना तर त्याहूनही कमी कळले असते. प्लेटोने गायजीसच्या अंगठीच्या कथेत, अदृश्य झालेला माणूस न्यायी राहील काय, असे विचारले होते. पाळतीचे तंत्रज्ञान या प्रश्नाचे उत्तर देत नाही. अंगठी अशक्य करून ते प्रश्नच रद्द करते. जेथे सज्जनपणा आणि सावधपणा यांतला फरक ओळखण्याची सोय उरत नाही, तेथे सावधपणाच सज्जनपणा म्हणून चालू लागतो, आणि कॅमेरा नसलेला जिना ही अनीतीची अधिकृत जागा ठरते. परीक्षागृहातील कॅमेऱ्यांविषयी जे अध्यापक उत्साहाने बोलतात त्यांनी या गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही.

खाजगीपणा म्हणजे लपवण्याची मुभा, ही व्याख्याच मुळात अपुरी आहे. माणसाच्या आतल्या साक्षीला काम करावयास लागणारी मोकळी जागा, असे त्याचे वर्णन अधिक यथार्थ ठरेल. अर्धा विचार करून सोडून देणे, लिहिलेले खोडणे, रागात बोललेले परत घेणे, एक श्रद्धा सोडून दुसरीकडे जाण्यापूर्वी काही काळ कोठेच नसणे, हे सर्व त्या जागेत घडते. हस्तलिखितातील खाडाखोड ही जशी कवितेची लाज नसते, तसाच हा कच्चा काळ.

यावर एक हरकत नेहमी घेतली जाते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खाजगीपणा ही पाश्चात्त्य, सुखवस्तू कल्पना आहे. आपल्याकडे वाड्यात, चाळीत, एकत्र कुटुंबात तिला जागाच नव्हती, आणि त्यावाचून कोणाचे अडले नाही. सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये सरकारपक्षातर्फेही असा युक्तिवाद झाला, की वंचितांच्या जगण्याच्या हक्कापुढे मूठभरांच्या खाजगीपणाचा दावा गौण आहे. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. खाजगीपणा म्हणजे उच्चभ्रूंची चैन, ही मांडणी त्यात नाकारली गेली.

शब्दाचा इतिहास मात्र सरकारपक्षाच्या बाजूने बोलतो. मराठी राज्यव्यवहारात ‘खाजगी’ म्हणजे राज्यकर्त्याच्या स्वतःच्या घरखर्चाचे खाते. होळकरांच्या दौलतीतील खासगी आणि पुण्यातले खाजगीवाले हे आडनाव त्या व्यवस्थेच्या खुणा आहेत. रयतेला खाजगी असे काही नव्हते. पण शब्द नसणे म्हणजे गरज नसणे नव्हे. ‘एकांत’ हा शब्द संतांच्या परंपरेत पदोपदी येतो, आणि देहूच्या वाण्याला भंडाऱ्याच्या डोंगरावर जावे लागले ते काही पाश्चात्त्य प्रभावामुळे नव्हे. ज्यांना डोंगरही उपलब्ध नव्हता त्यांनी एकांत ध्वनीतून निर्माण केला. पहाटे जात्यावर बसलेली सासुरवाशीण जे बोलत असे ते जात्याला उद्देशून. घरघरीच्या आड, एका खोलीच्या घरात, तिला तेवढी एक स्वतःची खोली मिळत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, हे मराठी संस्कृतीवर मोठेच उपकार आहेत. मात्र ध्वनिमुद्रक समोर ठेवल्यावर ओवी जात्याऐवजी कोणाशी बोलू लागते, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. त्या संकलनात गाणाऱ्या स्त्रियांची आणि गावांची नावे जपली गेली, म्हणजे त्यांना साक्षीदाराचा मान मिळाला, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते.

पत्रव्यवहाराचेही तसेच. पोस्टकार्ड भारतात १८७९ मध्ये आले. ते वाटेत कोणीही वाचू शकतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे, आणि म्हणून मराठी पत्रलेखनाने ‘बाकी भेटीअंती’ हा संकेत जोपासला. त्या दोन शब्दांत खाजगीपणाचे संपूर्ण शास्त्र आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. उघडे काय ठेवायचे आणि राखून काय ठेवायचे याचा निर्णय लिहिणाऱ्याच्या हाती होता, आणि वाचणाऱ्यालाही काहीतरी राखले आहे एवढे कळत होते. आजच्या व्हॉट्सॲपवर न बोलणेही नोंदले जाते. निरोप पोहोचला, वाचला गेला, उत्तर आले नाही, शेवटचे कधी दिसला, या सर्वांच्या खुणा उमटतात. २०१४ पासून आलेल्या निळ्या बरोबरच्या खुणांनी किती घरांतल्या अबोल्यांना पुरावा पुरवला असेल त्याची मोजदाद नाही. त्या खुणा बंद करण्याची सोय आहे हे खरे, परंतु नवऱ्याने किंवा बायकोने ती वापरली की ‘बंद का केलीस’ हा पुढचा प्रश्न तयार असतो. लपवण्यासारखे काही नसेल तर, हा सरकारी युक्तिवाद असा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो.

चाळीच्या गॅलरीतली नजर याहून निराळी होती असे स्मरणरंजनाच्या सुरात सांगितले जाते. त्यात तथ्य एवढेच, की ती परस्पर होती. पाहणारा स्वतःही दिसत असे, त्याच्याही घरातली भांडणे शेजाऱ्याला ऐकू जात, आणि काही वर्षांनी सगळेच विसरत. यंत्राच्या नजरेत परस्परताही नाही आणि विस्मरणही नाही. पण चाळीच्या नजरेला निर्दोष ठरवण्याचा मोह आवरला पाहिजे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात एकही यंत्र नाही. हौशी नाटक मंडळी वेळ घालवण्यासाठी एक खोटा खटला उभा करतात आणि पाहता पाहता लीला बेणारेचे सारे खाजगी आयुष्य त्यात ओढले जाते. पुरावा म्हणून जे येते ते कोणीतरी कोठेतरी पाहिलेले, दाराशी ऐकलेले, अंदाजाने जोडलेले. प्रत्येक जण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, पण साक्षीचे बंधन कोणावरच नाही, कारण हा तर खेळ आहे. ज्याला खरोखर काही माहीत आहे, ज्याच्यावर उत्तर देण्याची पाळी यायला हवी, तो प्रोफेसर दामले शेवटपर्यंत गैरहजर राहतो. साक्षीच्या वेशातला पहारा म्हणजे काय, हे मराठी रंगभूमीने असे फार आधी दाखवून ठेवले आहे.

‘बिग बॉस’ या दूरदर्शन-खेळाकडे या नाटकाच्या प्रकाशात पाहिले तर त्यातील गंमत कमी होते. ऑर्वेलच्या १९४९ च्या कादंबरीतील दहशतीच्या प्रतीकाचे नाव घेऊन १९९९ मध्ये नेदरलंड्समध्ये हा प्रकार सुरू झाला. हिंदीत तो २००६ मध्ये आला आणि मराठीत २०१८ मध्ये. स्पर्धक स्वखुशीने करार करून त्या घरात जातात, तेव्हा त्यांच्यावर अन्याय होतो असे म्हणण्यात अर्थ नाही. लक्ष द्यावयाचे ते प्रेक्षकाकडे. चेहरा नसलेला एक आवाज आज्ञा देतो, कबुलीसाठी वेगळ्या खोलीत बोलावतो, शिक्षा फर्मावतो. आणि प्रेक्षक त्या आवाजाच्या शेजारी बसून पाहत राहतो. बेणारेच्या खटल्यात प्रेक्षकाला हळूहळू अस्वस्थ वाटू लागते, आपणही त्या मंडळींतलेच आहोत हे जाणवू लागते. येथे तशी वेळ येऊ नये याची काळजी स्वरूपातच घेतलेली आहे, कारण प्रेक्षकाला मत देण्याचा अधिकार आहे, आणि मत देणारा स्वतःला न्यायाधीश समजतो.

लोकप्रिय संस्कृती केवळ पहाऱ्याची सवय लावते असे मात्र नाही. ती कधी त्याच्याविरुद्ध बंडही करते. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘दृश्यम’ हा हिंदी चित्रपट, २०१३ च्या मल्याळम चित्रपटाचे गोव्यात रुजवलेले रूपांतर, या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कथेचा आरंभ एका मोबाइलच्या कॅमेऱ्याने होतो. स्नान करणाऱ्या मुलीचे चोरून चित्रण, त्यावरून धमकी आणि त्यातून हातून घडलेली हत्या. मुलीचा बाप, चौथी नापास केबलवाला, पोलिसांच्या पाळतीला जे उत्तर देतो ते मोठे मार्मिक आहे. मृताच्या फोनचे सिमकार्ड तो जाणाऱ्या ट्रकवरून दूर पाठवून देतो, म्हणजे यंत्राच्या नजरेला खोटे खाद्य पुरवतो. आणि माणसांच्या नजरेसाठी तो एक दिवसच पुन्हा रचतो. बसचा वाहक, हॉटेलवाला, चित्रपटगृहातला माणूस हे सगळे प्रामाणिकपणे चुकीच्या तारखेची साक्ष देतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतो ते एका खोट्या साक्षीसाठी, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. ज्या मुलीचा खाजगीपणा एका कॅमेऱ्याने हिरावला, तिला न्याय देण्याची खात्री ज्या व्यवस्थेने दिली नाही, त्या व्यवस्थेला सत्य मागण्याचा अधिकार उरत नाही, असा काहीसा नैतिक निवाडा त्या टाळ्यांत आहे. तो धोक्याचा निवाडा आहे. परंतु प्रेत अखेरीस नव्या पोलीस ठाण्याच्याच जमिनीखाली असते, आणि पहारेकऱ्याच्या पायाखाली काय आहे हे पहारेकऱ्यालाच दिसत नाही, ही प्रतिमा सहज विसरता येण्याजोगी नाही.

पहारा सर्वांवर सारखा नसतो. वर उल्लेखलेल्या वंचित विरुद्ध उच्चभ्रू या मांडणीचे खरे उत्तर तत्त्वज्ञानात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, जो पुढे १९११ आणि १९२४ मध्ये अधिक विस्तारला, जन्मालाच नोंदीचे कारण ठरवीत होता. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना. सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाआडच्या वसाहती. बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यात उघडली, हा योगायोग नव्हे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी ठाण्यातील वही राहिली. खरकसिंग या उत्तर प्रदेशातील व्यक्तीच्या प्रकरणात, जिच्यावरील दरोड्याचा आरोप पुराव्याअभावी टिकला नव्हता आणि तरीही जिच्या नावाचे पान पोलिसांनी उघडून ठेवले होते, सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रात्री-अपरात्री घरी येऊन चौकशी करणे घटनाबाह्य ठरवले. मागे मागे फिरून पाळत ठेवणे मात्र चालू दिले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमतात सारी पाळतच अवैध मानली होती. पंचावन्न वर्षांनी न्यायालय त्यांच्या बाजूने वळले.

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले तेव्हा त्याची चर्चा दलित-भटक्यांच्या आत्मकथनांच्या ओघात झाली, ती योग्यच होती. परंतु त्या ग्रंथाकडे आणखी एका अंगाने पाहता येते. ज्या आयुष्याची एक संहिता पोलिसांच्या वहीत आधीच लिहिलेली होती, त्याच आयुष्याची ही दुसरी संहिता आहे. दोहोंत चोरी आहे, झडती आहे, मार आहे, उपास आहे. तथ्यांपुरते पाहिले तर त्या परस्परांचा इन्कारही करीत नाहीत. आत्मकथनकार काही लपवत नाही, उलट वहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी सांगतो. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर’ म्हणणाऱ्याला याहून चोख उत्तर मिळणार नाही. या माणसाने सर्व उघड केले, आणि तरीही वहीला त्याचा विरोध राहिला, कारण वहीतल्या नोंदीला लेखक नव्हता. आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव आहे. तो भेटतो, वाद घालतो, त्याच्या जमातीतले लोकही त्याला जाब विचारू शकतात. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, पोलीस निरीक्षकाने रात्री झोपडीत शिरून अतिप्रसंग केल्याची तक्रार करणाऱ्या स्त्रीविषयी असे म्हटले, की तिचे चारित्र्य लोकांच्या दृष्टीने कसेही असो, तिच्या खाजगीपणावर वाटेल तेव्हा आक्रमण करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्याविषयीही एक तयार संहिता होती, आणि उच्च न्यायालयाने तिच्याच आधारे तिचे म्हणणे असुरक्षित पुरावा मानले होते.

या वहीचे नवे रूप मनगटावर आले आहे. गेल्या दशकात नागपूर, चंडीगड आदी शहरांच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या हाताला जीपीएस घड्याळे बांधली. कामगार ठरलेल्या हद्दीत आहे की नाही हे त्यातून कचेरीतल्या पडद्यावर दिसते. पगार कापला जाण्याची धास्ती, आणि घड्याळ आपल्याला पाहत-ऐकत असेल या शंकेने शौचालयात जाताना स्त्री कामगारांना वाटणारा संकोच, या तक्रारी जाहीरपणे नोंदल्या गेल्या आहेत. ज्यांनी ही घड्याळे खरेदी करण्याचा निर्णय घेतला त्यांच्या मनगटावर ती नव्हती. गटारात उतरणाऱ्याला मुखवटा मिळाला की नाही, हे त्या पडद्यावर दिसत नाही.

उलट दिशेने रोखलेल्या कॅमेऱ्याचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत, कॅमेरे बसवण्याचा आणि त्यांचे मुद्रण शक्य तेथे अठरा महिने जपून ठेवण्याचा आदेश दिला. देखरेखीसाठी समित्या नेमण्यास सांगितले, आणि कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार करणाऱ्याला ते मुद्रण मागवण्याचा मार्ग खुला केला. येथे यंत्र तेच होते, पण त्याच्याभोवती उत्तर देण्याची एक साखळी उभी करण्यात आली होती. त्यानंतर पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, पोलीस ठाण्यांत चालू स्थितीतले कॅमेरे नसल्याच्या आणि कोठडीतील मृत्यूंच्या बातम्यांची त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. या काळात चौकाचौकांतले कॅमेरे मात्र वाढतच होते.